खोगिराच्या पोटातला सांगाडा

घोडेस्वारीचा इतिहास निघाला की सगळं श्रेय रिकीब घेऊन जाते. तिच्यावर पाय रोवून स्वार भाला चालवू लागला, युद्धाची रीत बदलली, वगैरे. ही रिकीब टांगलेली असते कशाला, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ती टांगलेली असते खोगिराच्या आतल्या सांगाड्याला, आणि माझ्या मते खरा शोध तोच.

आधीची खोगिरं म्हणजे गाद्याच. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात, पाझिरिकच्या बर्फात गोठलेल्या थडग्यांतून सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची खोगिरं निघाली. केस भरलेल्या दोन उशा, घोड्याच्या कण्याच्या दोन बाजूंना एकेक. पुढे-मागे आधाराला थोडं लाकूड, बस्स. सुएबी या जर्मन टोळीला तर एवढी गादीही लाजिरवाणी वाटे, असं सीझरने लिहून ठेवलं आहे. सांचीच्या शिल्पांत पायाचा अंगठा अडकवायची कडी दिसते. अंगठ्यावर माणूस तोलून उभा राहत नाही, म्हणून तिथे गादीवर भागलं. पूर्ण पाऊल रोवून स्वार उठू लागला की भार एकाच पट्ट्यावर येतो. खाली कडक आधार नसेल तर तो पट्टा घोड्याच्या पाठीत रुततो.

हा आधार म्हणजे कण्याच्या दोन बाजूंना दोन लांबट फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या पुढच्या-मागच्या कमानी. भार फळ्यांवर पसरतो, कणा मोकळा राहतो. चीनमध्ये चौथ्या शतकापर्यंत असं कमानींचं खोगीर रूढ झालं होतं. चांगशा इथल्या इ. स. ३०२च्या थडग्यातल्या मातीच्या घोडेस्वाराला चढण्यापुरती एकच रिकीब आहे. फंग सुफू या सरदाराच्या ४१५च्या थडग्यात मात्र जोडी सापडली, तुतीच्या लाकडाची, वर सोनेरी मुलामा दिलेल्या पत्र्याची. पुढे आशियातून आलेल्या आवार नावाच्या भटक्या टोळ्यांबरोबर रिकीब युरोपात पोचली.

हंगेरीच्या हुसार स्वारांचं खोगीर तर जवळजवळ उघडा सांगाडाच होतं: दोन कमानींमध्ये ताणलेला चामड्याचा पट्टा, त्यावर माणूस, खाली हवा. अमेरिकन लष्कराने १८५९मध्ये स्वीकारलेलं मॅक्लेलन खोगीर याच घराण्यातलं. लाकडी सांगाड्यावर ओलं कच्चं कातडं शिवायचं. वाळताना ते आवळतं आणि सांधे असे घट्ट धरतं की खिळ्यांनाही जमू नये. बैठकीच्या मधोमध लांब फट असते. घोड्याच्या पाठीला वारा लागतो. स्वाराच्या सोयीबद्दल न बोललेलं बरं.

विसाव्या शतकात इंग्लिश पद्धतीच्या खोगिरात पातळ लाकडाचे थर चिकटवून, पोलादी पट्ट्या घालून लवचिक सांगाडे आले. नंतर फायबरग्लास आणि प्लास्टिकचेही. जुनं खोगीर विकत घेताना जाणकार चामड्याची चमक बघत बसत नाहीत. पुढच्या कमानीची दोन टोकं गुडघ्यांत धरून दाबतात, मग मागचा भाग पोटाला टेकवून वाकवून बघतात. करकर ऐकू आली किंवा कमान हलली, की सौदा तिथेच मोडतो. तुटलेला सांगाडा दुरुस्त करायचा तर अख्खं खोगीर उसवावं लागतं.

अलीकडे बिनसांगाड्याच्या खोगिरांची हौस वाढली आहे. घोड्याला मोकळं वाटतं, असा त्यांच्या चाहत्यांचा दावा. त्यांनाही रिकीब लागतेच, आणि ती कुठे टांगायची यावर उत्पादकांचं डोकं आजही खर्च होतं.