दातांवरून वयनिश्चिती

अनोळखी मृतदेह, सांगाडा किंवा जन्माचा पुरावा नसलेली जिवंत व्यक्ती यांचे वय दातांच्या वाढीवरून वा झिजेवरून ठरवण्याची न्यायवैद्यकातील पद्धत. इनॅमल, म्हणजे दाताच्या माथ्यावरचे आवरण, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असल्याने बाकीचे शरीर नष्ट झाल्यावरही दात हाती लागतात. शिवाय कुपोषण आणि आजारपण यांचा परिणाम हाडांच्या वाढीवर होतो तितका दातांच्या वाढीवर होत नाही. वाढ चालू असेपर्यंत अंदाज बराच नेमका येतो. ती संपली की झिजेवर विसंबावे लागते आणि चूक दहा वर्षांपर्यंतही जाते.

खालचे मधले पटाशीचे दात साधारण ६ ते ८ महिन्यांत दिसतात आणि अडीच वर्षांच्या सुमारास दुधाचे वीस दात पुरे होतात. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षी, दुसरी १२ ते १४ व्या वर्षी आणि अक्कलदाढ १७ ते २५ च्या दरम्यान येते. काहींना ती येतच नाही. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने लहान मुलांना गिरण्यांत कामाला ठेवण्यावर बंदी आल्यावर दंतवैद्य एडविन साँडर्स यांनी १८३७ मध्ये वय ओळखण्यासाठी दात येण्याचीच खूण सुचवली. पण दुधाचा दात लवकर पडला किंवा जबड्यात जागा कमी असली, तर दात येण्याची वेळ पुढेमागे होते. कवटीच्या बाबतीत आणखी एक फसगत होते: हिरडी नसल्यामुळे नुसते हाड फोडून आलेला दातही 'आलेला' वाटतो आणि वय जास्त धरले जाते.

म्हणून मुलांमध्ये दात आला की नाही यापेक्षा तो जबड्यात किती तयार झाला हे एक्स-रेवर पाहणे चांगले. १९७३ मध्ये डेमिरजियन व सहकाऱ्यांनी फ्रेंच वंशाच्या कॅनेडियन मुलांवरून बसवलेली पद्धत सर्वाधिक वापरात आहे. खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या सात दातांना 'ए' ते 'एच' अशी अवस्था देतात, तिचे गुण मिळवतात आणि मुलगा-मुलगी यांच्या स्वतंत्र कोष्टकांतून वय काढतात. 'डी'मध्ये दाताचा माथा पूर्ण झालेला असतो, 'ई'मध्ये मूळ माथ्यापेक्षा आखूड असते, 'एफ'मध्ये ते माथ्याइतके किंवा त्याहून लांब, पण टोक नरसाळ्यासारखे उघडे. 'एच'मध्ये टोक बंद. अवस्था मिलिमीटरवर न ठरता मूळ आणि माथा यांच्या प्रमाणावर ठरते, त्यामुळे एक्स-रेमध्ये प्रतिमा थोडी मोठी आली तरी फारसे बिघडत नाही. इतर अनेक लोकसमूहांत मात्र ही कोष्टके वय जास्त दाखवतात. विलम्स यांनी २००१ मध्ये बेल्जियन मुलांसाठी त्यांत सुधारणा केली. सोळाच्या आसपास साती दात 'एच'ला पोचले की पद्धत संपते.

पुढे उरते अक्कलदाढ. कॅमेरिएरे यांच्या पद्धतीत तिच्या मुळांच्या उघड्या टोकांच्या आतील रुंदींची बेरीज दाढेच्या लांबीने भागतात, उत्तर ०.०८ पेक्षा कमी आले तर व्यक्ती अठरा वा अधिक वर्षांची धरतात. अठराच्या सीमेवरच्या मुलांच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, म्हणून मनगट व गळपट्टीचे हाड यांचे निष्कर्षही सोबत हवेत.

प्रौढांसाठी गुस्ताफसन यांनी १९५० मध्ये सहा बदल मोजले: चावण्याच्या पृष्ठाची झीज, हिरडीची पीछेहाट, दातात आतून चढणारे डेंटिन (इनॅमलच्या आतला दाताचा मुख्य थर), मुळावरील सिमेंटमचे थर, मुळाची झीज व त्याची पारदर्शकता. यांतली पारदर्शकता सर्वांत भरवशाची ठरली. डेंटिनमधील सूक्ष्म नळ्या खनिजांनी भरत जातात आणि टोकाकडून वर मूळ काचेसारखे होत जाते. लामँदें यांच्या १९९२ च्या पद्धतीत दात कापावाही लागत नाही. एका मुळाचा दात उजेडपेटीवर धरून ओठाकडील बाजूने तीन मापे घेतात: मुळाची लांबी, हिरडी सरकल्याची खूण आणि पारदर्शक भागाची उंची. शेवटची दोन मापे मुळाच्या लांबीच्या टक्केवारीत मांडून सूत्र वापरतात:

वय = ०.१८ × हिरडीची टक्केवारी + ०.४२ × पारदर्शकतेची टक्केवारी + २५.५३

मूळ १४ मिमी, हिरडी ३ मिमी आणि पारदर्शकता ६ मिमी असेल तर उत्तर सुमारे ४७ येते. सूत्राची खोट त्याच्या शेवटच्या आकड्यात आहे: पंचविशीच्या आतले वय ते कधीच दाखवू शकत नाही आणि फार म्हाताऱ्या माणसाचे वय कमी दाखवते. मातीत दीर्घकाळ राहिलेला दात गढूळला तर पारदर्शकतेची सीमाच दिसत नाही.

प्रयोगशाळेत डेंटिनमधील ॲस्पार्टिक आम्लाचे एल रूपातून डी रूपात (आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट रचनेत) होणारे रूपांतर मोजतात. चूक सहसा तीनेक वर्षांची असते, पण ही क्रिया उष्णतेने वेगावते, म्हणून जळालेल्या देहावर ती चालत नाही. इनॅमलमधील कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वेगळेच सांगतो. अणुचाचण्यांमुळे वातावरणातील त्याचे प्रमाण १९६३ च्या सुमारास जवळपास दुप्पट झाले आणि नंतर उतरत गेले. इनॅमल एकदा बनल्यावर बदलत नाही, म्हणून त्यातून जन्मवर्ष कळते. चढ आणि उतार यांत तीच पातळी दोनदा येत असल्याने वेगवेगळ्या वयात बनलेले दोन दात तपासावे लागतात. ॲस्पार्टिक आम्लावरून मृत्यूसमयीचे वय मिळाले असेल, तर दोन्हींच्या बेरजेतून मृत्यूचे वर्षही काढता येते.

अहवालात एकच आकडा न देता वयाची मर्यादा, वापरलेली पद्धत आणि ती कोणत्या लोकसमूहावर बेतली आहे हे लिहितात.