संकेतस्थळांवरील माहितीची विश्वासार्हता (मराठवाड्याच्या संदर्भात)

वेबसाइटवर मिळालेली माहिती कितपत खरी धरावी, हे ठरवण्याची रीत. मराठवाड्यात तिचा संबंध थेट पोटापाण्याशी येतो. सोयाबीनचा भाव, धरणातले पाणी, पीक विम्याची मुदत, सातबारा, पावसाचा अंदाज हे सगळे लोक आता मोबाइलवर पाहतात आणि त्यावर पेरणीपासून विक्रीपर्यंतचे निर्णय घेतात. माहिती चुकली तर हंगाम हातचा जाऊ शकतो.

खातरजमा पत्त्यापासून सुरू होते. ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी यंत्रणांना मिळतो. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑर्ग’ किंवा नुसता ‘डॉट इन’ पैसे भरून कोणालाही घेता येतो. बनावट पत्त्यात ‘गव्ह’ मधेच कुठेतरी घुसवलेले असू शकते, म्हणून नावानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे काय आहे ते पाहावे. पत्त्याशेजारच्या कुलपाबद्दल मोठा गैरसमज आहे. आपली आणि त्या संकेतस्थळाची देवाणघेवाण वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढीच हमी ते देते. मजकूर खरा आहे की नाही, याच्याशी कुलपाचा काही संबंध नाही.

धडधडीत खोटे लवकर उघडे पडते. अर्धवट दिलेले खरे ओळखणे अवघड. पैठणच्या जायकवाडी धरणाचेच पाहा. नाथसागर या त्याच्या जलाशयाची एकूण क्षमता सुमारे १०२.७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला सुमारे २६ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळाशी राहणारे पाणी, आणि उरलेला ७६.६ टीएमसी जिवंत, म्हणजे वापरता येणारा साठा. एका पानावर ‘जायकवाडी ५० टक्के’ आणि दुसऱ्यावर ‘जायकवाडीत ६४ टीएमसी’ असे दिसले की वाचक दोघांपैकी एकाला खोटे ठरवतो. पण दोन्ही बरोबर असू शकतात: जिवंत साठा निम्मा म्हणजे ३८ टीएमसी, त्यात मृत साठा मिळवला की ६४. हेच ६४ कोणी ७६.६ने भागले, तर धरण ८४ टक्के भरल्याची बातमी तयार होते आणि ती बघता बघता गावोगावच्या ग्रुपवर फिरते. म्हणून आकडा कशाचा, कोणत्या तारखेचा, कोणत्या एककात, हे जिथे लिहिलेले नाही तिथला आकडा वापरू नये.

बाजारभावाचेही तसेच. लातूरच्या बाजार समितीचा दर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असा तीन आकड्यांत येतो. मथळ्यात कमाल दर झळकतो. शेतकऱ्याच्या कामाचा असतो तो सर्वसाधारण दर, आणि त्याच्या शेजारी दिलेली आवक. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. तो सरकारी खरेदीचा दर असल्याने आडतीवर तेवढाच मिळेल असे नाही.

सरकारी योजनांची पाने शिळी होतात, हा वेगळाच त्रास. एक रुपयात पीक विमा ही राज्याची सवलत २०२३च्या खरिपापासून होती आणि २०२५च्या खरिपात ती बंद झाली. ‘एक रुपया भरा’ सांगणारी जुनी पाने लिहिली तेव्हा खरीच होती. अशा वेळी मूळ शासन निर्णय गाठावा. प्रत्येक निर्णयावर सांकेतांक असतो, त्याचे पहिले ८ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात, आणि त्या क्रमांकाने तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. सांकेतांक न देता ‘नवा जीआर आला’ म्हणणाऱ्या पानावर विसंबू नये.

अनोळखी संकेतस्थळाची पारख त्याच पानावर बसून होत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात इतिहासकार, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांची तुलना आहे. पहिले दोन गट पानाची मांडणी, बोधचिन्ह, ‘आमच्याविषयी’ हा मजकूर वाचत राहिले आणि बऱ्याचदा फसले. तपासनीस मात्र लगेच पानाबाहेर पडून इतर त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते शोधू लागले. कापसाच्या फवारणीचा सल्ला देणाऱ्या देखण्या पानालाही हेच लागू आहे: औषधाचे प्रमाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी आणि डब्यावरच्या लेबलशी ताडून पाहावे.

प्रामाणिक स्रोतांतही फरक असतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाला, यावर सगळ्यांचे एकमत आहे. मृतांचा आकडा मात्र कुठे ७,९२८, तर कुठे ९,७४८ दिसतो. इथे एकच आकडा उचलून ठोकून देण्यापेक्षा दोन्ही आकडे, ज्याचे त्याच्या नावाने, द्यावेत.

गावांची आणि जिल्ह्यांची नावेही तपासात आडवी येतात. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुने नाव दिसले म्हणून पान खोटे ठरत नाही. ते कधीचे असावे याचा अंदाज मात्र येतो. शोध दोन्ही नावांनी घ्यावा. निजामकाळातल्या कागदपत्रांत तर अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’ या नावाने आहे.