जुन्या मोटारीची चावी: आकड्यापासून कानशीपर्यंत

जुनी मोटार विकत घेताना आरसी बुक मिळतं, जॅक मिळतो, कधी पान्यांची पेटीही मिळते. चावी मात्र एकच असते, नाहीतर नसतेच. कोल्हापुरात राजघराण्याची मेबॅक दसरा चौकात आली की सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळतात. पण कितीतरी घरांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली मॉरिस, फियाट, अँबेसिडर उभ्या आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणीची वाट मोकळी करून दिली, तशा त्यातल्या काही बाहेर पडू लागल्या आहेत. ताडपत्री काढली की पहिली गाठ कुलपाशी पडते.

सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून सुरू व्हायच्या, चावीचा संबंधच नसायचा. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये आला. त्यानंतरही बरीच वर्षं चावी फक्त इग्निशन, म्हणजे ठिणगीची वीज, चालू करायची. स्टार्टरचं बटण वेगळं असायचं. चावी फिरवूनच इंजिन सुरू करण्याची सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये दिली. म्हणून चाळीसच्या दशकातल्या गाडीची चावी फिरूनही इंजिन गप्प राहिलं, तर कुलपाला दोष देण्याआधी बटण शोधावं.

घराच्या दाराला अमेरिकन कुलूपकार लिनस येलच्या पद्धतीचं, पिनांचं कुलूप बसलं. मोटारीला त्याहून लहान आणि स्वस्त काहीतरी हवं होतं, म्हणून तिथे पत्त्यांचं कुलूप रुळलं. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव बॅरल, म्हणजे चावीबरोबर फिरणारं नळकांडं, तिच्यात पितळेच्या पातळ पत्त्या, प्रत्येक पत्तीला मधोमध खिडकी आणि मागे बारीक स्प्रिंग. चावी नसताना पत्त्या बॅरलबाहेर डोकावून तिला अडवतात. बरोबर चावी आत गेली की त्या सगळ्या कडेशी सपाट होतात आणि बॅरल फिरते. म्हणजे चावी हरवली तरी तिचं माप पत्त्यांमध्ये शाबूत असतं. कुलूप फोडलं की तेही जातं. ड्रिल लावण्याची घाई बघितली की मला मनापासून वाईट वाटतं.

ब्रिटिश गाड्यांमध्ये हे माप आकड्यात बांधलेलं होतं. विल्मॉट ब्रीडन या कंपनीच्या चाव्यांची ‘एफएस’ मालिका ८७६ ते ९५५ अशी होती, म्हणजे अवघ्या ८० तऱ्हा. एकाची चावी दुसऱ्याच्या गाडीला लागणं अशक्य नव्हतं. चोरापासून बचाव म्हणून हे तोकडंच, पण आज गाडी जिवंत करू पाहणाऱ्याला त्याचाच आधार आहे. आकडा बहुधा इग्निशनच्या कुलपाच्या तोंडावरच ठोकलेला असतो. त्यावरून कापलेली चावी मूळ मापाची निघते. झिजलेल्या चावीची नक्कल काढली तर झीजही नकलेत उतरते. काही अमेरिकन गाड्यांत आकडा चावीतल्या छोट्या तबकडीवर असायचा. मालकाने ती काढून वेगळी जपून ठेवायची, अशी कल्पना. साठ-सत्तर वर्षांनी ती तबकडी कुठल्या घरात सापडणार?

आपल्याकडे हा धागा कारखान्यांबरोबर तुटत गेला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरचा कुर्ल्याचा कारखाना थांबला. २०१४ मध्ये उत्तरपाड्याला अँबेसिडरही थांबली. ज्या गाडीचा कारखाना उरला नाही, तिच्या कोऱ्या, म्हणजे दाते न कापलेल्या, चाव्या कोण घडवणार?

मग काम परत हातावर येतं, आणि तिथे कोल्हापूर कमी पडत नाही. ऑइल इंजिनं आणि ओतकामावर वाढलेल्या उद्यमनगरात लेथ, मिलिंग आणि कानस यांवर बसलेले हात आहेत. बाजारात नेमक्या खाचेची कोरी चावी मिळाली नाही, तर पितळेच्या पट्टीतून ती काढता येते. मग ठसा घ्यायचा. पट्टीची कड गुळगुळीत घासायची, कुलपात घालून हलका पीळ द्यायचा, बाहेर काढून भिंगाखाली बघायचं. अडणारी पत्ती कडेवर बारीक खूण सोडते. तेवढ्याच जागी कानशीचा एखाद-दुसरा हात मारायचा आणि पुन्हा घालायचं. खूण उमटेनाशी झाली की ती पत्ती बसली. त्याआधी कुलूप धुऊन ग्राफाइटची पूड घालावी; ग्रीस नको, त्यात धूळ बसून पत्त्या चिकटतात.

माझ्या काकांच्या मॉरिस मायनरच्या इग्निशनवरचा आकडा कुणीतरी बफ मारून कधीचाच पुसला होता. एका गॅरेजात ते कुलूप ड्रिलने काढायचा सल्ला मिळाला. काकांनी ऐकलं नाही. दाराला आणि इग्निशनला एकच चावी असेल या आशेवर दाराचं कुलूप तेवढं सोडवून चावीवाल्याकडे नेलं. त्याने दुपारभर बसून ठशावरून चावी घासली. घरी येऊन ती आधी दाराला लावली, मग काकांनी डॅशबोर्डच्या कुलपात घातली. तिथेही ती फिरली.