खुलासा: एआयने केलेली भरती निःपक्षच असते का?

फॉरवर्ड असा फिरतो: ‘मशीनला जात, लिंग, वशिला कळत नाही, म्हणून एआयची निवड निःपक्षच.’ वशिलेबाजीला कंटाळलेल्यांना हे पटणं साहजिक आहे. पण ते खरं नाही.

भरतीचं एआय अनेकदा जुन्या भरतीच्या नोंदींवरून शिकतं. नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्याने वर्षानुवर्षं सुपरवायझर म्हणून पुरुषच घेतले असतील, तर चांगला उमेदवार तसाच असतो, हे ते त्यातून उचलतं. नाव आणि लिंगाचा रकाना काढला तरी महिला कॉलेजचं नाव, बाळंतपणामुळे नोकरीत पडलेला खंड यांतून लिंग, तर पिनकोडमधून जातीचा अंदाज परत आत शिरतो.

तपासायचं कसं? आधी एकच बायोडेटा जसाच्या तसा चार-पाचदा टाका. एआयने दिलेले गुण तेव्हाच बदलत असतील, तर ते साधन मुळातच भरवशाचं नाही. गुण स्थिर असतील, तर फक्त नागपुरातल्या दलितबहुल इंदोऱ्याचा पत्ता काढून उच्चभ्रू धरमपेठेचा घाला. फरक पडला, तर कारण पत्ताच. हे पन्नासेक बायोडेटांवर करा, एकावर निष्कर्ष काढू नका.

मग निकाल मोजा. १०० पुरुषांतून ४० आणि १०० स्त्रियांतून २४ पुढे गेल्या, तर २४ भागिले ४० म्हणजे ०.६. अमेरिकेत १९७८ पासून रूढ असलेल्या ठोकताळ्यानुसार ०.८ च्या खाली आकडा गेला की कसून तपासणी करायची. नाकारलेल्या अर्जांपैकी काही माणसाने पुन्हा वाचावेतच.