पंधराशे रुपये आणि मे महिन्याची भिशी

उमरेड तालुक्यातल्या एका गावात बाजाराच्या दिवशी मी बँकमित्राच्या टेबलाजवळ तासभर बसून होतो. टिनाचं छोटं दुकान, टेबलावर बोटाचा ठसा घेणारं यंत्र, शेजारी पाण्याची वाटी आणि फडकं. कापूस वेचून, निंदण करून बोटांवरच्या रेषा झिजतात, मग ठसा लागत नाही. बोट पाण्यात बुडवायचं, पदराला पुसायचं, पुन्हा यंत्रावर टेकवायचं. पन्नाशीतल्या एका काकूंचा ठसा चौथ्या खेपेला लागला. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे जमा झाले होते. त्यांनी हजार काढले, पाचशे खात्यातच राहू दिले. हातात आलेल्या हजारातले पाचशे तिथंच उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईला मोजून दिले.

"भिशीचे," त्या म्हणाल्या. "घरात राहिले तं खर्च होते जी. भिशीत टाकले का बकरी येते."

पुढे केनियातल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष वाचताना मला काकूंचं हेच वाक्य जवळजवळ जसंच्या तसं सापडलं. तिथं भिशीला 'चामा' म्हणतात, एवढाच फरक.

गरिबाच्या खात्यात थेट पैसे टाकण्याबद्दल आपल्याकडे तावातावाने बोललं जातं. पैसे दारूत जातील, लोक कामाला जाणार नाहीत, बाजारात महागाई होईल. नागपुरात चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी हे तिन्ही आक्षेप कानावर पडतात. पण हे काही केवळ मताचे प्रश्न नाहीत. ते तपासता येतात, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर ते तपासले गेले आहेत.

तपासण्याची पद्धत शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. वर्धा रोडकडे आपली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. नवं वाण जुन्यापेक्षा सरस आहे का, हे बघायचं असेल तर चांगल्या जमिनीत नवं आणि मुरमाड तुकड्यात जुनं लावून चालत नाही. शेताचे सारखे तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यात काय लावायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. म्हणजे जमिनीचा, पाण्याचा, माणसाच्या आवडीनिवडीचा हात त्यात राहत नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवर ही रीत घडवली. अर्थशास्त्रज्ञांनी तीच पुढे गावांना लावली. कोणत्या गावांना आधी पैसे मिळणार, ते सोडतीने ठरवायचं आणि उरलेल्या गावांशी तुलना करायची. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी 'प्रोग्रेसा' योजना सुरू केली, तेव्हा ५०६ गावांत अशीच तुलना झाली. याच प्रायोगिक रीतीसाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दारूचा मुद्दा लवकर निकालात निघतो. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतल्या १९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यात दिसलं नाही, बऱ्याच ठिकाणी तो किंचित घटला. पिणारा माणूस मदत नसतानाही पितो, हे आपल्या गावांत दिसतंच. पंधराशे आले म्हणून घरातली बाई प्यायला लागत नाही.

मग पैसे जातात कुठे? इथं खरी गंमत आहे, कारण याचं उत्तर रक्कम किती यापेक्षा ती कशी येते यावर जास्त ठरतं.

२०११ ते २०१३ या काळात पश्चिम केनियात गिव्हडायरेक्टली या संस्थेने गरीब कुटुंबांना बिनशर्त पैसे दिले. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी त्याचा अभ्यास केला. काही घरांना पैसे एकरकमी मिळाले, काहींना महिन्या-महिन्याने. महिन्याने मिळालेला पैसा ताटात दिसला, उपाशी झोपण्याची वेळ कमी आली. एकरकमी मिळालेला पैसा मोठ्या वस्तूंत दिसला, आणि त्यात ठळक होतं ते घराचं छप्पर. गवताचं काढून लोकांनी टिनाचं घातलं.

छपरावर पैसे घालणं ही उधळपट्टी वाटत असेल तर कवेलूच्या घरात राहिलेल्या कुणालाही विचारा. दर उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागतात. माकडांची टोळी एकदा वरून गेली की पन्नासेक फुटतात. आषाढात घरात जागोजागी गंज-पातेली मांडून ठेवायची आणि धान्याची पोती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढायची. गवती छप्पर याहून नाजूक, ते थोड्या वर्षांनी नवंच घालावं लागतं. टिन एकदा घातलं की तो वारंवारचा खर्च थांबतो. म्हणजे छप्पर ही गुंतवणूकच झाली. फक्त ती हप्त्याने होत नाही. दोनशे रुपयांचं अर्धं छप्पर मिळत नाही, तशी पाव बकरीही मिळत नाही.

या संशोधकांनी लोकांच्या लाळेचे नमुनेही घेतले. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, ते लाळेत मोजता येतं. सरसकट बघितलं तर त्यात फरक नव्हता. पण पैसे नवऱ्याऐवजी बायकोला मिळाले, किंवा महिन्याऐवजी एकरकमी मिळाले, तिथं कॉर्टिसॉल तुलनेने कमी आढळलं. पैसा कुणाच्या हातात आणि कोणत्या रूपात येतो, याची नोंद शरीरही ठेवतं तर!

आता चामाकडे येऊ. केनियातच पुढे आणखी मोठा प्रयोग सुरू झाला. काही गावांतल्या प्रत्येक प्रौढाला महिन्याला सुमारे २२.५ डॉलर, तेही १२ वर्षं मिळतील असा शब्द दिला गेला. दुसऱ्या गटाला तेवढेच पैसे फक्त दोन वर्षं, आणि तिसऱ्या गटाला ५०० डॉलर एकरकमी. सुरुवातीच्या दोन वर्षांत एकरकमी मिळालेल्या गावांत छोटे धंदे जास्त उभे राहिले. दोनच वर्षं मिळणार होते, तिथं धंद्यांची वाढ बेताची होती. पण १२ वर्षांवाल्या गावांतही धंदे उभे राहिले, आणि तेही महिन्याचे छोटे हप्तेच मिळत असताना. कसे? लोकांनी हप्ते चामात टाकले आणि आपली एकरकमी रक्कम आपणच तयार केली. पुढची बारा वर्षं पैसे येणार, ही खात्री असल्यामुळे भिशीतला शब्द पाळला जाईल असा भरवसा सगळ्यांनाच होता. लोक आळशी झाले का, हेही तपासलं. एकूण काम घटलं नाही. दुसऱ्याच्या शेतातली मजुरी कमी झाली आणि स्वतःचा धंदा वाढला.

मध्य प्रदेशातही हेच चित्र होतं. २०११ नंतर 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले, वर्षभराने ते ३०० आणि १५० केले. एवढ्याशा पैशाने काय होणार, असं वाटतं. पण लोकांनी जनावरं घेतली, बियाणं घेतलं, कर्जाचा भार हलका केला आणि मजुरीवरचे दिवस कमी करून स्वतःच्या शेतात जास्त राबले.

रकमेच्या रूपाइतकीच तिची वेळही महत्त्वाची असते. तमिळनाडूतल्या ५४ गावांत ४६४ ऊस उत्पादकांची एक चाचणी झाली, २०१३ मध्ये ती 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आली. तोच शेतकरी, तेच बुद्धीचे कोडे. ऊस जाण्याआधी हात रिकामे असताना त्याला कमी गुण मिळाले, पैसे आल्यावर जास्त. बुद्धी तीच, पण तिच्यावर देण्याघेण्याच्या विचारांचं ओझं होतं. इतर काही अभ्यासांत हा परिणाम इतका स्पष्ट दिसलेला नाही, त्यामुळे त्यावर फार भर देऊ नये. मात्र मे-जून महिन्यांत आपल्याकडे कृषी केंद्रासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला हा अभ्यास खोटा वाटणार नाही. बियाणं-खत उधारीवर घेतलं की भाव दुकानदाराचा, आणि सोयाबीन निघाल्यावर पहिला हिशेबही त्याचाच. पीएम-किसानचे दोन हजार एप्रिल ते जुलै या हप्त्यात मिळतात. ते मृगाच्या आधी आले तर बियाण्याला लागतात. पेरणी उरकल्यावर आले तर उधारीला. दोन हजार तेच, पण दोन वेगळ्या गोष्टी.

महागाईचं म्हणाल तर केनियातल्याच ६५३ गावांच्या अभ्यासाचा दाखला आहे. १०,५०० हून अधिक घरांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर मिळाले. भाव सरासरी ०.१ टक्का वाढले, म्हणजे नाममात्र. दिलेल्या एका डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल वाढली, आणि ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांचीही मिळकत सुधारली. एका घराने टिन घातलं की मिस्त्रीला काम मिळतं, मिस्त्री किराणा भरतो, किराणेवाला माल जास्त आणतो.

याच गावांतला पुढचा निष्कर्ष मी वाचला आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मदत मिळालेल्या घरांत वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. बायका दवाखान्यात बाळंत झाल्या, आणि शेवटच्या महिन्यांत त्यांचं राबणं कमी झालं. मात्र डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता, तिथं हा फरक जास्त होता. पैसे दवाखान्यापर्यंत नेतात, दवाखाना बांधत नाहीत. आपल्या मातृवंदना योजनेतले पहिल्या बाळंतपणाचे ५,००० रुपये याच विचाराने आखलेले आहेत, बुडालेल्या मजुरीची काही भरपाई व्हावी म्हणून. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत सोयाबीन सवंगणाऱ्या बाया ज्या भागात आहेत, तिथं ती रक्कम बाळंतपणाच्या आधी हातात पडणं ही जिवाची बाब आहे.

आणि काही घरांपर्यंत पैसा पोचतच नाही. पीएम-किसान आणि राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी मिळून वर्षाचे १२,००० होतात, पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ठेक्याने शेती करणारा आणि रोजंदारीवर जाणारा त्यात नाही. खऱ्या अर्थाने अडचणीत असणारी ही माणसं बाहेर राहतात, याची मला फार खंत वाटते. जी घरं आत आहेत, त्यांचंही एका मदतीने कायमचं भलं होतं असं नाही. युगांडात तरुणांना धंद्यासाठी एकरकमी अनुदान दिलं. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्के जास्त होती, नऊ वर्षांनी इतरांनी त्यांना गाठलं होतं.

त्या दिवशी निघताना मी काकूंना विचारलं, भिशीचा नंबर चिठ्ठीने काढता का? त्या हसल्या. बारा जणी आहेत. दिवाळीच्या महिन्यासाठी चिठ्ठी टाकतात, बाकीच्या महिन्यांसाठीही टाकतात. मे महिन्यासाठी मात्र टाकत नाहीत. त्या महिन्याचे सहा हजार जिच्या घरी पेरणी आहे तिला, असं पहिल्याच बैठकीत ठरतं. यंदा तशा दोघी होत्या. एकीने मे घेतला. दुसरीने जून घेतला आणि तिला महिनाभर उधारी लागू नये म्हणून मेवाल्या बाईने दोन हजार तिच्याकडे वळते केले.

"तिचं बियाणं राहून जाईन मंग," काकू म्हणाल्या आणि पिशवी उचलून बाजाराकडे निघाल्या.