पेशी

सजीवाच्या रचनेचे आणि कार्याचे मूलभूत एकक. अमिबाचे सगळे जगणे एकाच पेशीत आटोपते. माणसाच्या शरीरात मात्र, २०१६ मधील एका अंदाजानुसार, सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यांतल्या बहुसंख्य तांबड्या रक्तपेशी असतात. हा आकडा मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतो. २०१३ च्या अंदाजात तो ३७ लाख कोटी होता. महाराष्ट्रातील शाळांत पेशीची रचना सातवी-आठवीत शिकवली जाते. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे मुद्दाम ठाणे व नवी मुंबई परिसरातील घेतली आहेत. कांदा आणि तिवर (खाडीकाठची एक खारफुटी) या दोन वनस्पतींत विषयाचे मर्म सापडते आणि दोन्ही इथल्या मुलांच्या हाताशी आहेत.

संज्ञा : पेशी हा शब्द मराठीत आज निःसंदिग्ध वाटतो, पण तो तसा नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत. तेथे अर्थ उघडच मांसाचे पिंड असा आहे. हिंदीने हा अर्थ राखला; हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू आणि आपली पेशी म्हणजे कोशिका. मराठीने स्नायू हा शब्द मांसाकडे वळवला, आयुर्वेदात मात्र स्नायू म्हणजे बंध व दोर यांच्या जवळचे काही; सुश्रुत ते ९०० मोजतो. ऐरोलीत किंवा कळव्यात एकाच इमारतीतली मराठी आणि हिंदी माध्यमाची मुले एकत्र अभ्यासाला बसली की हा गोंधळ हमखास होतो. तो मुलांचा दोष नव्हे, शब्दांच्या स्थलांतराचा आहे.

मराठी संज्ञेची दुसरीही उपपत्ती संभवते. अमरकोश या संस्कृत शब्दकोशात, ज्याचा काळ साधारणपणे गुप्तकाळाच्या आसपास धरतात, पेशी आणि कोश हे दोन्ही शब्द अंडे या अर्थाने शेजारीशेजारी दिले आहेत. तसे पाहिले तर पेशी आणि कोशिका ही मुळात एकाच कल्पनेची दोन नावे ठरतात. ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते, कारण आवरणाच्या आत जिवंत द्रव्य ही कल्पना अंड्यात आहे, मांसपिंडात नाही. मराठी विश्वकोशाने कोशिका आणि ऊतक या संज्ञा पसंत केल्या, तर शालेय पुस्तकांनी पेशी आणि ऊती. वापरात शाळेचे शब्द टिकले आहेत आणि येथे तेच घेतले आहेत.

पेशीसिद्धांत : रॉबर्ट हुक याने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना लॅटिनमधील लहान खोली या अर्थाच्या शब्दावरून नाव दिले. एका इंचात असे १,०८० कप्पे बसतील असा त्याचा हिशेब होता. त्याला दिसल्या त्या मात्र मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. लेव्हेनहूकला १६७० च्या दशकात पाण्याच्या थेंबात जिवंत सूक्ष्मजीव दिसले. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये आमराच्या (ऑर्किडच्या) वर्गातील वनस्पतींच्या पेशींत केंद्रक, म्हणजे पेशीचे नियंत्रण करणारा भाग, नोंदवले. सगळे सजीव पेशींचे बनतात आणि पेशी हेच त्यांचे मूलभूत एकक, हा सिद्धांत वनस्पतींसाठी श्लायडेन (१८३८) आणि प्राण्यांसाठी श्वान (१८३९) यांनी मांडला, असे सर्वत्र लिहिलेले असते. मात्र १८२४ मध्येच द्युत्रोशे याने अवयव पेशींचेच बनतात असे म्हटले होते, हे सहसा सांगितले जात नाही.

खरा वाद सिद्धांताच्या तिसऱ्या कलमाचा आहे. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच होते, याचे श्रेय बहुधा फिरखो (१८५५) याला देतात. श्लायडेनचे मत याच्या उलट होते. पेशी स्फटिकासारख्या घडतात असे तो मानी. रेमाक याने १८५२ मध्येच, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली त्याच्या आदल्या वर्षी, प्राणिपेशी विभाजनाने वाढतात असे ठामपणे मांडले होते. फिरखोच्या नावाने प्रसिद्ध झालेले याच अर्थाचे लॅटिन वाक्य रास्पाय याने त्याहून बरेच आधी वापरले होते. म्हणून निरीक्षणाचे श्रेय रेमाकला आणि ते वैद्यकात रुजवण्याचे फिरखोला देणे अधिक न्याय्य होईल.

कांद्याचा पापुद्रा : वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातून आलेला कोणताही कांदा चालतो. मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरतात, आयोडीनचा थेंब टाकतात आणि आच्छादक काच तिरपी धरून हळूच टेकवतात, नाहीतर हवेचा बुडबुडा राहतो आणि मुले त्यालाच केंद्रक समजून काढतात. पेशी लांबट, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या दिसतात. केंद्रक मधोमध नसते, कारण मोठी रिक्तिका (द्रवाने भरलेली पिशवी) त्याला कडेला ढकलते. वनस्पतिपेशी असूनही इथे हरितलवके (हिरवे रंगद्रव्य असलेली अंगके) दिसत नाहीत, कारण कंद जमिनीत, अंधारात वाढतो. कांद्यात आयोडीनने निळा रंगही येत नाही, कारण तो साठा पिष्टाचा करत नाही, शर्करेचा करतो. त्याच बाजारातल्या बटाट्याच्या चकतीत मात्र पिष्टकण निळे-काळे उठतात. पेशीची अंगके, म्हणजे तिच्या आतले भाग, तोंडपाठ करून घेण्यापेक्षा हा एक फरक दाखवणे मोलाचे आहे.

लाल कांद्याच्या बाहेरच्या बाजूचा जांभळट पापुद्रा घेऊन काचेच्या कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि समोरच्या कडेला टिपकागद लावला, तर काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसतो व भित्तिकेपासून सुटतो. पाणी पेशीबाहेर गेलेले असते. फार उशीर केला नाही तर साध्या पाण्याने तो परत फुगतो. परासरण, म्हणजे पातळ पडद्यातून पाण्याचे जास्त खारट बाजूकडे जाणे, ही संकल्पना याहून स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

संघटन : मिठाच्या पाण्याने पेशी आक्रसते, मग खाडीच्या खाऱ्या पाण्यात तिवर उभे कसे राहते, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एकट्या पेशीत नाही. ठाण्याच्या खाडीकाठी ऐरोली-भांडुप पट्ट्यात तिवराची रांगच्या रांग दिसते. त्याची मुळे बरेचसे मीठ आत येऊच देत नाहीत. उरलेले पानापर्यंत पोहोचते आणि पानावरच्या सूक्ष्म ग्रंथी ते बाहेर टाकतात. एका ग्रंथीत मीठ गोळा करणाऱ्या २ ते ४ पेशी, त्यांवर देठासारखी एकच पेशी आणि वर स्रवणाऱ्या ८ ते १२ पेशी असतात. देठपेशीच्या बाजूच्या भिंतींवर पाणी न झिरपणारे लेपन असते, त्यामुळे बाहेर पडलेले मीठ मागे फिरत नाही. कोरड्या दिवसात पान उन्हाकडे धरले तर मिठाचे कण डोळ्यांनी चमकताना दिसतात, जिभेला खारट लागतात. पंधराएक पेशी, प्रत्येकीला वेगळे काम, आणि त्यांतली एक फक्त दार राखणारी. सजीवाचे संघटन म्हणतात ते हेच.

सारख्या कामाच्या पेशींचा समूह म्हणजे ऊती, निरनिराळ्या ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था. हा क्रम शाळेत खालून वर शिकवतात, शोध मात्र तसा लागला नाही. बिशा याने १८०१ च्या सुमारास, सूक्ष्मदर्शक न वापरता, माणसाच्या शरीरात २१ प्रकारच्या ऊती मोजल्या, तेव्हा पेशीसिद्धांत अजून यायचा होता. शालेय पुस्तके अवयवाला इंद्रियही म्हणतात. बोलीत इंद्रिये म्हणजे डोळे-कान वगैरे पाचच, त्यामुळे यकृत इंद्रिय कसे, असे मुले विचारतात. अवयव हाच शब्द बरा.

नियमाला अपवाद आहेत. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते. ती सुमारे १२० दिवस टिकते. काही चेतापेशींचा तंतू कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, मीटरभर लांब असतो. शहामृगाचे अंडे सर्वांत मोठी पेशी असे म्हणतात, पण काटेकोरपणे ते फक्त त्यातल्या बलकाला लागू पडते. पेशीविभाजनावरचा ताबा सुटला की कर्करोग होतो. त्यावर संशोधन व उपचार करणारे टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे केंद्र खारघर येथे आहे.