चुंबकाला चिकटला म्हणून चंद्राचा दगड नव्हे

वर्षानुवर्षे फिरणारा दावा असा: काळा, जड दगड चुंबकाला चिकटला तर तो चंद्रावरून पडलेला, तिथे आदळणाऱ्या उल्कांच्या आघातांनी त्याचा चुंबक झालेला.

गोव्यात ही कसोटी जवळजवळ निरुपयोगी आहे. डिचोली, सांगे भागातल्या लोहखनिजात हेमॅटाइट या लोहाच्या खनिजाबरोबर मॅग्नेटाइट हे दुसरे खनिजही सापडते, आणि मॅग्नेटाइट चुंबकाला चटकन चिकटते. चंद्राच्या दगडांत धातुरूप लोह बहुधा १ टक्क्याहूनही कमी, त्यामुळे साधा चुंबक त्यांना जेमतेम ओढतो. म्हणजे घट्ट चिकटणे हा उलट पुरावा.

आघाताचा मुद्दा अर्धाच खरा. आघाताची धक्कालहर (दाबाची लाट) दगडातून जाताना आसपास चुंबकीय क्षेत्र असेल तर दगडातले लोहकण त्याची क्षीण नोंद घेतात. क्षेत्र नसेल तर जुनी नोंदही पुसट होते. हे प्रयोगशाळेतल्या संवेदनशील उपकरणालाच कळते, हातातल्या चुंबकाला नाही.

घरी तपासायचे तर सिरॅमिक फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड जोरात घासा. तांबूस रेघ उमटली तर हेमॅटाइट, काळी उमटली तर मॅग्नेटाइट. उल्कापाषाणाची, म्हणजे अवकाशातून (चंद्रावरूनही) पडलेल्या दगडाची रेघ सहसा उमटत नाही, फार तर फिकट करडी. आत बुडबुड्यांची भोके दिसली तर बहुधा धातू वितळवताना भट्टीत उरलेली मळी. रेघ नसेल तर एक कोपरा पॉलिश पेपरवर घासून भिंगातून चकचकीत धातूचे कण शोधा. चंद्राच्या दगडात तेही क्वचितच दिसतात, तेव्हा शेवटचा निर्णय रासायनिक पृथक्करणाचाच.

स्पीकरमधला जोरदार चुंबक मात्र लावू नका. दगड खरोखर उल्कापाषाण निघाला, तर त्यातली मूळ चुंबकीय नोंद त्या एका स्पर्शाने बिघडते. दोऱ्याला टांगलेला फ्रिजवरचा छोटा चुंबक दगडाजवळ न्या. चुंबक दगडाकडे कलतो का, एवढेच पाहा.